आमच्याकडून हरकत नाही

आत्या,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहून दिलं. फोटोसकट एक पान. त्यात तू प्रेमळ आहेस, हसतमुख आहेस आणि सगळ्यांच्या मदतीला धावून जातेस. तुझे गुडघे बघता तू कुठे धावणार होतीस, पण असंच लिहितात. जबल अली बंदरातली नोकरी, मंडळाचं काम, सगळं रीतसर आलंय. बाबांनी वाचलं, "मराठी छान झालंय," म्हणाले आणि चष्मा पुसत बाल्कनीत गेले.

हे त्या अंकासाठी नाही. मी तुझ्यावर रागावलेली आहे हे त्या पानात कुठेच नाही, म्हणून हे वेगळं लिहितेय.

तुझा पलंग अजून तसाच आहे. आई चादर बदलते, पण पलंग काढायचं कोणी बोलत नाही. आपल्या खोलीतला एसी आता मी हवा तितका गार करू शकते. लहानपणापासून रिमोटवरून आपलं भांडण. "ऑफिसात दिवसभर फ्रिजमध्ये बसतेस, घरी तरी माणसासारखी राहा," असं म्हणून तू तो उशीखाली घ्यायचीस. तू गेल्यावर मी तो एकदा अगदी खाली आणून ठेवला. मग थंडी वाजायला लागली, आणि जवळ तुझीच शाल होती.

तू दुपारी गेलीस, सोफ्यावर बसल्या बसल्या. हातातला चहाचा कप टीपॉयवर ठेवलेला होता. भेटायला येणाऱ्यांना आई हे सांगते, आणि लोकांना ते फार आवडतं. "पुण्यवान बाई, कुणाला त्रास नाही दिला," म्हणतात. मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणते. मग ते माझ्याकडे बघतात, आवाज जरा खाली घेतात आणि आईला म्हणतात, "आता हिचं उरकून टाका. ताईंची शेवटची इच्छा होती ना."

तुझी शेवटची इच्छा म्हणजे मी. माझं आणि मिहिरचं लग्न. ते आता वर्षाच्या आत व्हायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, असं बाबा म्हणतात. बाबांना एरवी सोमवार की मंगळवार तेही आठवत नाही, पण हा नियम त्यांना पाठ आहे. मी आईला विचारलं, हे आईवडील गेल्यावर असतं ना, आत्यासाठी कशाला? आई म्हणाली, "ह्या घरात आत्या म्हणजे आईच्या वर होती." खरंच होतं ते.

मी गप्प बसले. म्हणजे पुन्हा एकदा होकार झाला.

आत्या, मला त्या सहलीबद्दल बोलायचंय.

ऑक्टोबर लागला की उन्हाळा संपला, असं मंडळाच्या कमिटीनं ठरवलं होतं. वाळवंटाला ते कोणी कळवलं नव्हतं. दुपारी लहबाबला बसमधून उतरलो तेव्हा लाल वाळूवरून अशी झळ येत होती, जशी तू भाजणी भाजताना कढईवर वाकलं की येते. पुढे गाड्या उभ्या होत्या, एकीमागे एक, पांढऱ्या. गाइड कम ड्रायव्हर चाकांतली हवा सोडत होते आणि सगळीकडे सुस्स आवाज येत होता. कोण कुठल्या गाडीत बसणार हे तू बसमध्येच ठरवून टाकलं होतंस. आई-बाबांना तू मुद्दाम दुसऱ्या गाडीत घातलंस. "तुझ्या आईला घाम फुटतो अशा वेळी," म्हणालीस. अशा वेळी म्हणजे कशा, हे मला तेव्हा कळलं, जेव्हा आपल्या गाडीजवळ शुभाकाकू, त्यांचे मिस्टर आणि त्यांचा मुलगा मिहिर हसत उभे दिसले. अबू धाबीहून खास आले होते. काकूंनी मला वरून खाली बघितलं. तू सकाळी मला जीन्स बदलायला का लावलीस, तेही कळलं.

आणि मग तू पर्समधून तो स्टीलचा डबा काढलास. दडपे पोहे. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. बघायला आलेल्यांना पोहे द्यायचे असतात, मग मागे ओट्याऐवजी वाळूची टेकडी का असेना.

आपल्या गाडीचा ड्रायव्हर इक्बालभाई चाकापाशी बसला होता. राजापूरचा निघाला, तेव्हा तुला कोण आनंद. तो म्हणाला, "आत्या, आत्ता कुणाला खायला घालू नका. वर गाडी नाचते."

"अरे, पोहे आहेत. पोहे म्हणजे काय खाणं आहे का?"

"खाली जाताना नसतं. वर येताना असतं," तो म्हणाला आणि पुढच्या चाकाकडे सरकला.

तू त्यालाही कागदी प्लेट दिलीस. मिहिरला दोनदा वाढलंस. नारळ, मिरची, कोथिंबीर. त्यानं निमूटपणे खाल्लं. मी आणि तो दोघंही तुझ्यासमोर सारखेच होतो, हे मला तिथेच दिसायला हवं होतं.

बसायच्या वेळी तू म्हणालीस, "मुलं मागे. त्यांच्या कमरा अजून शाबूत आहेत." काका पुढे बसले, तू आणि काकू मध्ये, मी आणि मिहिर सगळ्यात मागच्या सीटवर. त्या सीटला दार नसतं, आत्या. तुझी सीट दुमडली तरच मागचा माणूस बाहेर पडू शकतो. मी आत शिरले, मिहिर शिरला, तू सीट खटकन मागे लावलीस आणि तिच्यावर बसलीस.

गाडी चढायला लागली तसे काका "अरे वा" म्हणायला लागले आणि काकू देवाचं नाव घ्यायला लागल्या. मधल्या सपाटीवर त्यांनी विचारलं, "मनवा फार बोलत नाही वाटतं?"

"घरात बोलते हो," तू म्हणालीस.

मी घरातही बोलत नाही. तुझ्याएवढं हे कोणाला माहीत होतं?

"आणि ताई, विचारू नये, पण तुम्ही का नाही केलंत लग्न?"

"वेळच नाही मिळाला. सारख्या बोटी लागत होत्या ना जबल अलीला."

सगळे हसले. तू हे उत्तर इतक्यांदा दिलं होतंस की त्याची धार झिजून गेली होती.

मिहिर मला हळूच म्हणाला, "यू ओके?" मी मान हलवली. तो वाईट नाही, आत्या. हे मला इथे लिहून ठेवायचंय. तो चांगला मुलगा आहे. त्याला नोकरी आहे, तो मध्ये मध्ये बोलत नाही, त्यानं माझी ओढणी सीटच्या फटीत अडकली ती नीट सोडवून दिली. त्याच्यात काही खोट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

पुढच्या टेकडीच्या माथ्यावर गाडीचं पोट वाळूच्या धारेवर टेकलं. चाकं जागच्या जागी फिरत राहिली आणि गाडी तुझ्या बाजूला कलली. इक्बालभाईनं दोनदा पुढे-मागे करून बघितलं, मग इंजिन बंद केलं. "खलास. बसली." त्यानं वायरलेसवर दुसऱ्या गाडीला हाक मारली. ते वळसा घालून, पट्टा लावून ओढणार होते. इंजिन तापलं होतं म्हणून एसी बंद. काचा उघडल्या तर वारा वाळू घेऊनच आत आला, म्हणून काचाही बंद.

"उतरून सावलीत उभे राहा," तो म्हणाला. काका उतरले. काकू त्यांच्या बाजूनं उतरल्या. तुझ्या बाजूला खाली सगळा उतार होता. तू दार उघडलंस, खाली बघितलंस, परत लावून घेतलंस. "माझा गुडघा नाही हो टिकायचा ह्या वाळूत. मी बसते."

तू बसलीस म्हणजे तुझी सीट बसली, आणि आम्ही मागे.

थोडा वेळ मिहिर टिकला. मग पोहे टिकेनात. "सॉरी आत्या," म्हणत तो काकूंच्या रिकाम्या सीटवरून उडी टाकून बाहेर पळाला. बाहेरून काय आवाज येत होता ते आपण दोघींनी ऐकलं. मीही उठले. मलाही तसं जाता आलं असतं. तू मागे न बघताच म्हणालीस, "तू बस. मुलीनं काय टांगा टाकून उतरायचं त्यांच्यासमोर?"

मी बसले. पाठ सीटला चिकटली होती. काचेतून चहूकडे एकाच रंगाची वाळू, आणि गाडीच्या सावलीत उभी असलेली ती तीन माणसं, जी माझी होणार होती. मिहिरच्या पाठीवरून काकू हात फिरवत होत्या. समोर तुझी मान, अंबाडा, मेंदी न लागलेले पांढरे केस आणि त्यांतून उतरणारा घाम. इतकी वर्षं एका खोलीत राहिलो, पण तुझी मान मी इतक्या जवळून कधी बघितली नव्हती.

"कसा वाटला?" तू विचारलंस.

मी ओढणीची टोकं गोळा केली.

"गप्प का? लाजायला इथे कोण आहे?"

"आत्या..."

"काय? उलटी केली म्हणून? अगं, गाडी अशी नाचल्यावर उंटालासुद्धा झाली असती."

मी हसले. उंट डोळ्यासमोर आला आणि मला हसू आवरेना. कललेल्या गाडीत तुला मान वळवता येत नव्हती, त्यामुळे तुला माझा चेहरा दिसला नाही. फक्त हसणं ऐकू आलं. त्या दिवसातला माझा एकमेव मोठा आवाज तोच होता, आणि तू तो जपून ठेवलास.

मग मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"माहीत कोणाला असतं?"

"तुला होतं?"

मी हे विचारलं ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. कदाचित तुझा चेहरा दिसत नव्हता म्हणून जमलं. तू रुमालानं मान पुसलीस. मग म्हणालीस, "मला नको आहे, एवढंच माहीत होतं. का नको, ते नव्हतं. तेच लोकांना पटत नव्हतं. मुलाचं नाक वाकडं आहे म्हणाले असते तर सोडून दिलं असतं मला."

मी पुढे सरकले. मला विचारायचं होतं, मग मलाही नको असेल तर? मी तोंड उघडलं तेवढ्यात बाहेर इक्बालभाई ओरडला, "आत्या, धरून बसा! यल्ला, चला!" पट्टा ताणला गेला, गाडीला हिसका बसला, तुझं डोकं खिडकीवर आपटलं, तू "आई गं" म्हणालीस आणि इक्बालभाईला राजापूरपर्यंतच्या शिव्या दिल्यास. सगळे आत आले. मिहिर पाण्याची बाटली घेऊन काकांच्या जागी पुढच्या सीटवर बसला. पुढे कॅम्पवर तू मला सोडून सगळ्यांशी बोलत होतीस. मी तो प्रश्न घरी नेला.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी तू फोनवर होतीस. मी टोस्टला बटर लावत होते. तू म्हणत होतीस, "हो, हो शुभाताई. मुलीला विचारलंय. आमच्याकडून हरकत नाही."

आत्या, तू मला विचारलं होतंस. हे खरं आहे. उत्तर मात्र तू स्वतःच देऊन टाकलंस.

ही तुझी जुनी सवय. मी लहान होते तेव्हा गणपतीत मंडळाच्या स्टेजवर मला एक कविता म्हणायची होती. पहिली ओळ म्हटली आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. समोर भरलेला हॉल, आई पहिल्या रांगेत ओठ हलवून दाखवतेय आणि माझ्या तोंडातून श्वाससुद्धा निघेना. तू साडीचा पदर खोचून सरळ स्टेजवर आलीस, माइकवर टकटक केलंस आणि म्हणालीस, "काय हो, माइक बंद आहे की! पोरगी कधीची बोलतेय." मला हाताला धरून खाली नेलंस. माइक चालू होता. तुझं वाक्य सगळ्या हॉलला ऐकू गेलं. पण कोणीही हसलं नाही, कारण तू सगळ्यांकडे असं बघितलंस की कोणाची छाती झाली नाही.

तेव्हापासून तू माझा माइक झालीस. डेंटिस्टला कुठला दात दुखतो ते तू सांगायचीस. हॉटेलात माझी ऑर्डर तू द्यायचीस. शाळेत टीचर म्हणाली, "शी इज टू क्वाएट," तर तू तिला तुझ्या इंग्लिशमध्ये सुनावलंस, "शी इज लिसनिंग. समबडी शुड." शनिवारी सकाळी कोणीतरी मुंबईहून विमानातून आणलेला शिळा पेपर तू माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचीस. मृत्यूच्या जाहिरातींपासून नाटकांच्या जाहिरातींपर्यंत. तेवढा वेळ तू ऐकायचीस आणि मी बोलायची. माझं मराठी त्या पेपरचं आहे. आज हे लिहिता येतंय ते त्यामुळे.

म्हणून मला कळत नाही की तुझे आभार कुठे संपतात आणि राग कुठे सुरू होतो. जी तू मला स्टेजवरून खाली आणलीस, तीच तू मला मागच्या सीटवर बसवलंस. दोन्ही वेळा तुला वाटलं की मला बोलता येत नाहीये.

तुला काय वाटत होतं ते मला थोडं समजतं. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होणार. मग ते आणि आई पुण्याला. मी इथे नोकरीच्या व्हिसावर, आणि नोकरीचा व्हिसा म्हणजे काय हे तुझ्याइतकं ह्या घरात कोणी जगलं नाही. रिन्यूअलचं मेडिकल जवळ आलं की तू आठवडाभर साखर बंद करायचीस, जशी काही परीक्षाच. मॅनेजर बदलला की तू कपाट आवरायला काढायचीस. "इथे आपलं काही नसतं गं, फक्त मुदत असते," हे तू एकदा भाजी निवडताना बोलून गेलीस. तुला माझ्यासाठी असं घर हवं होतं, जे कुणाच्या रिटायरमेंटबरोबर संपणार नाही. ह्यात चुकीचं काय आहे? मी शोधून बघितलं. फार नाही सापडत.

पण मग तू काय केलंस? तू तुझं आयुष्य "नको" म्हणून उभं केलंस आणि माझं "हरकत नाही" म्हणून मांडलंस. हे मला तुला तोंडावर म्हणायचं होतं. तू चिडली असतीस. "तुझ्यासाठी मरमर करावी आणि हे ऐकावं," म्हणाली असतीस. मग मी काहीतरी म्हटलं असतं. आपलं एसी सोडून एखादं खरं भांडण झालं असतं.

त्याऐवजी मी अबोला धरला. त्या फोननंतर मी तुझ्याशी बोलणं बंद केलं. अगदी ठरवून. विचारलं तर हं, नाही तर तेही नाही. आणि आत्या, तुला ते कळलंच नाही. माझं बोलणं आणि माझा अबोला ह्यांत बाहेरून काही फरकच नव्हता. तू नेहमीसारखी माझ्या डब्यात लिंबाची फोड ठेवत होतीस, साड्यांचे फोटो दाखवत होतीस, "हा रंग तुला उठून दिसेल" म्हणत होतीस. मी मनात रोज तुझ्यावर जास्त रागवत होते आणि तू रोज जास्त खूश दिसत होतीस. मग एका दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. जेएलटीतलं ऑफिस घरापासून किती जवळ आहे, पण टॅक्सी प्रत्येक सिग्नलला थांबली. मी ड्रायव्हरला "जल्दी" एवढंही म्हणू शकले नाही.

लोक म्हणतात, ती शांतपणे गेली. हो. माझा राग तुला माहीत नव्हता, म्हणून.

मागच्या आठवड्यात शुभाकाकू आल्या. तुझ्या फोटोला नमस्कार केला, डोळे पुसले, आणि पर्समधून शालूच्या रंगांचे नमुने काढले. "ताईंनी हा निवडला होता," म्हणत त्यांनी एक मोरपंखी तुकडा माझ्या हातावर ठेवला. खरंच तो तुझ्या आवडीचा होता. आई रडायला लागली. बाबा म्हणाले, "मग फेब्रुवारीतला मुहूर्त बघू. वर्षाच्या आत बसतो." सगळे तुझ्याकडे, फोटोकडे, बघत होते. खोलीत माझ्याकडे बघणारी फक्त तू होतीस. आणि तू हसत होतीस.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मिहिरला मेसेज केला. त्याला आधी कळायला हवं असं वाटलं. इंग्लिशमध्ये लिहिलं, ते सोपं गेलं. त्याचं उत्तर बऱ्याच वेळानं आलं. ओके, सांगितल्याबद्दल थँक्स, एवढंच. मग आणखी एक आला: आईला तू सांगशील का प्लीज?

मी बाहेर आले. बाबा बातम्या बघत होते, आई तांदूळ निवडत होती.

"बाबा, मला मिहिरशी लग्न नको."

बाबांनी टीव्ही बंद केला नाही, आवाज बंद केला. "का? काय झालं?"

"काही नाही झालं."

"असं कसं? काहीतरी असेल. घाबरू नकोस, सांग."

"कारण नाहीये बाबा. नको आहे."

"अगं, आत्याची शेवटची..."

"आत्यानं मला गाडीत विचारलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं. ते हे आहे."

आई म्हणाली, "तिला काय वाटेल?" म्हणजे तुला. मला वाटलं होतं की मी म्हणेन, तिला समजेल, ती वरून बघत असेल, तिला आनंदच होईल. सगळे तसंच बोलतात. पण मला ते खोटं वाटलं. मी म्हटलं, "ती रागावेल."

"मग?"

"रागावू दे."

आत्या, हे तुझा अपमान म्हणून म्हटलं नाही. गेलेल्या माणसाला सगळं पटतं असं धरून चालायचं, हे मला नाही जमत. तुला पटलं नसतं. तुझा राग तुझ्याकडे राहू दे, माझा माझ्याकडे आहेच.

बाबा त्या मुक्या टीव्हीकडे बघत होते. मग म्हणाले, "पण फोन कोण करणार त्यांना?" आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. असले फोन ह्या घरात तूच करायचीस. कोणाला नाही म्हणायचं, कसं म्हणायचं, मधे किती हसायचं, हे दुसऱ्या कोणाला येतच नाही. बाबांनी फोन हातात घेतला, ठेवला. आई म्हणाली, "मला नाही जमणार, मी रडेन."

मी केला. आतल्या खोलीत जाऊन, दार लावून.

"अगं बोल, बोल बाळा," काकू म्हणाल्या. "मोरपंखीच ठरवायचा ना?"

"काकू, मला हे लग्न नाही करायचं. मिहिरला सांगितलंय. सॉरी."

मागे त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्यांनी विचारलं, "कोणी काही सांगितलं का तुला त्याच्याबद्दल?"

"नाही काकू. तो चांगला आहे."

"दुसरं कोणी आहे?"

"नाही."

"पत्रिका कोणाला दाखवलीत?"

"नाही हो."

"मग? मी लोकांना काय सांगू? काहीतरी कारण असेल ना!"

माइक चालू होता, आत्या, आणि स्टेजवर कोणी येणार नव्हतं. "कारण नाही, काकू. मला नको आहे."

त्या मग एक वाक्य बोलल्या आणि फोन ठेवून दिला. ते टोचावं म्हणूनच म्हटलं होतं, आणि टोचलंही.

बाहेर आले तर आई-बाबा दोघं उभेच होते. आईनं विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"काही नाही," मी म्हटलं. त्यांना नाही सांगितलं. तुला सांगते.

त्या म्हणाल्या, "अगदी आत्यावर गेली आहेस."